'एंडर्स गेम' वाचून तुम्हाला काय झालं?

ऑर्सन स्कॉट कार्ड यांची 'एंडर्स गेम' ही कादंबरी १९८५ साली आली. तिचं बीज असलेली कथा १९७७ची. ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेतले दोन्ही मानाचे पुरस्कार कादंबरीला मिळाले. परग्रहावरच्या कीटकांसारख्या जमातीशी लढायला सेनापती हवा, म्हणून सहा वर्षांच्या एंडरला घरातून उचलून अवकाशातल्या बॅटल स्कूलमध्ये नेतात. कुणी तिला शौर्यकथा म्हणतं, कुणी छळकथा. मी ती वाचताना एंडरच्या प्रत्येक विजयावर खूश होत गेले आणि शेवटाला पोचल्यावर त्या आनंदाचीच भीती वाटली. परीक्षण नको, तुमच्यावर काय परिणाम झाला ते लिहा. शेवटाची चर्चा होणारच, तेव्हा ज्यांना ही कादंबरी वाचायची आहे त्यांनी इथेच थांबा.

*

मी शाळेत असताना वाचली. वर्गात एकटा पडणारा, उत्तर येत असूनही हात वर न करणारा मुलगा होतो मी. माझ्यासारख्या मुलाच्या डोक्यात काय चालतं हे कुणीतरी लिहिलंय, हेच मला नवीन होतं. बॅटल स्कूलच्या वजन नसलेल्या त्या युद्धदालनात बाकीची मुलं जमिनीवरचं वर-खाली डोक्यात घेऊनच शिरतात, आणि एंडर ठरवतो की शत्रूचं दार खालच्या दिशेला आहे. दिशा आपण ठरवायची! गणित मला आवडायला लागलं ते तिथून. नैतिक प्रश्न वगैरे तेव्हा शिवलेही नाहीत, आणि त्या वाचनाबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

*

मी शिक्षिका आहे. मला या पुस्तकातला सगळ्यात भयंकर प्रसंग युद्धाचा वाटत नाही. बॅटल स्कूलकडे जाणाऱ्या यानात तिथला प्रमुख कर्नल ग्रॅफ सगळ्या मुलांसमोर एंडरचं तोंडभरून कौतुक करतो. खरंखुरं कौतुक, पण हेतू असा की बाकीच्यांनी त्याचा द्वेष करावा आणि तो एकटा पडावा. पुढे एंडरला स्वतःची तुकडी मिळते तेव्हा पहिल्याच सरावात तो छोट्या बीनला अगदी असंच सगळ्यांसमोर वेगळं काढतो. आपण ग्रॅफसारखं का वागतोय, हे त्याला जाणवतंसुद्धा. तरी तो थांबत नाही.

हे वाचल्यापासून वर्गात एखाद्याला शाबासकी देताना मी बाकीच्यांच्या चेहऱ्यांकडे बघते. हुशार मूल एकटं पडलं की आणखी चमकतं, असं मानणारे लोक आमच्या क्षेत्रात आहेत, आणि चमकणारी मुलं दाखवून ते आपलं म्हणणं सिद्धही करतात. मिटून गेलेली मुलं मोजायला कुणी बसत नाही. प्रकरणांच्या सुरुवातीला अधिकाऱ्यांचे जे निनावी संवाद आहेत ते पुन्हा वाचा. त्यांना एंडरबद्दल माया आहे! मायेनेच बोलतात ते, आणि पुढचा छळ आखतात. मला तिथे पुस्तक खाली ठेवावं लागलं.

*

मी अर्ध्यावर सोडली. एंडरचा द्वेष करणाऱ्या बॉन्झो या मुलाबरोबरच्या न्हाणीघरातल्या मारामारीनंतर पुढे वाचवेना. मोठ्यांना सगळं माहीत असून कुणी मध्ये पडत नाही.

*

सैन्यात नोकरी केलेला माणूस म्हणून थोडी वेगळी बाजू. अमेरिकेच्या मरीन कोअरने ही कादंबरी आपल्या वाचनयादीत घेतली होती, आणि ते मला पटतं. एंडर हाताखालच्यांना हुकूम देऊन सोडत नाही, विचार करायला शिकवतो. पण माझ्या मनात राहिली ती एंडरच्या हाताखाली लढणारी पेट्रा. सगळ्यात भरवशाची, म्हणून सगळ्यात जास्त काम तिच्यावर, आणि ऐन लढाईत ती कोसळते. चांगल्या माणसावर भार टाकत राहायचं आणि तो मोडला की चकित व्हायचं, हे मी खूप पाहिलंय. २०१३च्या चित्रपटात मुलांची वयं वाढवली, अनेक वर्षांचा काळ आवळून छोटा केला. तो शीण पडद्यावर आलाच नाही.

*

मी बालहक्कांच्या कायद्यावर काम करते. १५ वर्षांखालच्या मुलांना सैन्यात भरती करणं हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कराराप्रमाणे युद्धगुन्हा आहे. त्या न्यायालयाने पहिली शिक्षा दिली तीसुद्धा याच गुन्ह्यासाठी, २०१२ साली, काँगोच्या थॉमस लुबांगाला. कादंबरीत ग्रॅफवरही खटला चालतो. तो सुटतो, कारण युद्ध जिंकलेलं असतं. लोक या भागावरून भरभर पुढे जातात. मी तिथेच अडकले.

*

माझी तक्रार लेखकाशी आहे. एंडरच्या हातून दोन मुलं मरतात आणि एक अख्खी जमात संपते, पण दर वेळी त्याला ते ठाऊक नसतं. शेवटची लढाई त्याला सरावच वाटते. आता तरी आपल्याला काढून टाकतील म्हणून तो नियम मोडून अख्खा ग्रह उडवतो. हेतू शुद्ध, म्हणून माणूस निष्पाप? विज्ञानकथाकार जॉन केसेल यांनी २००४ साली या मुद्द्यावर सविस्तर निबंध लिहिलाय, जरूर वाचा. त्याच वेळी हेही म्हणेन की एंडर स्वतःला माफ करत नाही. मेलेल्या जमातीची बाजू तोच लिहून काढतो, आणि १९८६च्या 'स्पीकर फॉर द डेड'मध्ये ते ओझं घेऊनच फिरतो. लेखकापेक्षा त्याचं पात्र मला जास्त प्रामाणिक वाटलं.

*

एंडरच्या मोठ्या बहिणीबद्दल, व्हॅलेंटाइनबद्दल, अजून कुणीच कसं लिहिलं नाही? मी धाकट्या भावाची मोठी बहीण आहे. एंडर थकून तळ्याकाठी बसतो, पुढे जायला तयार नसतो. ग्रॅफ तेव्हा तिला घेऊन येतो. तराफ्यावर दोघं बोलतात, आणि ती त्याला परत युद्धाकडे पाठवते. आपला वापर होतोय हे तिला कळतं, त्यालाही कळतं. ग्रॅफचं ते कामच होतं, पण ती त्याची एकुलती विश्वासाची जागा होती. मला ग्रॅफपेक्षा तिचा राग जास्त आला आणि अजून गेलेला नाही. शिक्षिकाताई, तुम्ही किंवा आणखी कुणी तिची बाजू मांडू शकत असाल तर मला खरंच वाचायची आहे.