'द लॉस्ट वर्ल्ड': पहिल्या जुरासिक पार्कनंतर मुलांना हा दाखवावा का?

मेघना, रावपुरा

नमस्कार मंडळी. सुट्टीत आम्ही मंडळात शनिवारी संध्याकाळी मुलांसाठी सिनेमा लावतो. मागच्या खेपेला पहिला 'जुरासिक पार्क' लावला आणि मुलं उठायलाच तयार नव्हती. आता त्यांना पुढचा भाग हवाय, 1997चा 'द लॉस्ट वर्ल्ड'. मंडळात दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, स्पीलबर्गचाच आहे, डोळे झाकून लावा. बाकीचे म्हणतात, नुसती पळापळ आणि रक्त, गोष्ट नाहीच. मुलं नऊ ते चौदा वर्षांची आहेत. बरीचशी बालासिनोरजवळच्या रायोलीचं डायनोसॉर पार्क बघून आलेली, त्यामुळे प्रश्नांनी भंडावून सोडतात. नीट पाहिलेल्यांनी सांगा, चांगलं काय आणि फसलाय कुठे?

अनिकेत, फतेगंज

ताई, लावाच. दरीवर लोंबकळणाऱ्या ट्रेलर-गाडीच्या प्रसंगासाठी तरी लावा. नायिका सारा मागच्या काचेवर पडते आणि तिच्या तळव्याखाली एकेक तडा पसरत जातो. इतका श्वास रोखायला लावणारा प्रसंग मला पहिल्या भागातही आठवत नाही.

श्रीधर, वाडी

मेघनाताई, दोन्ही तटांचं थोडं थोडं बरोबर आहे. हा सिनेमा कुठे उभा राहतो आणि कुठे कोसळतो, ते नेमकं सांगता येतं. प्राणी प्राण्यासारखे वागतात तोवर तो पहिल्याच्या तोडीचा आहे. माणसांनी काहीतरी अविचार केल्याशिवाय गोष्ट पुढे सरकेनाशी झाली, की त्याचा तोल जातो.

अनिकेतने सांगितलेला ट्रेलरचा प्रसंगच घ्या. काचेच्या तड्यांइतकंच त्याच्या आधी काय घडतं तेही महत्त्वाचं आहे. पाय मोडलेलं टी-रेक्सचं पिल्लू छायाचित्रकार निक आणि सारा उपचारासाठी आत आणतात. त्याचा आवाज ऐकून नर-मादी दोघं येतात. पिल्लू परत मिळाल्यावर निघून जातात, आणि पुन्हा येऊन ट्रेलर दरीकडे ढकलतात. पिल्लाच्या जवळपास हा धोका राहता कामा नये, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांना राक्षस न बनवता आई-बाप बनवलं, ही या भागाची सगळ्यात मोठी कमाई आहे.

दुसरी जागा उंच गवताची. रोलंड या शिकाऱ्याचा भारतीय जोडीदार अजय सिद्धू ओरडून सांगतो, गवतात शिरू नका. कोणी ऐकत नाही. मग वरून दिसतं, माणसांची रांग चाललीय आणि चहूबाजूंनी गवत चिरत रेषा तिच्याकडे येताहेत. रॅप्टर, म्हणजे ते चपळ शिकारी डायनोसॉर, जेमतेम दिसतात. जे दिसत नाही त्याचीच जास्त भीती वाटते, हे दिग्दर्शकाला पुरतं ठाऊक आहे. जॉन विल्यम्सनेही पहिल्या भागाची भव्य धून बाजूला ठेवून ढोलांच्या ठेक्यावर संगीत उभं केलंय. बेटावरच्या पावसाला आणि चिखलाला ते शोभतं.

आता दुखणं. सारा प्राण्यांची अभ्यासक. टी-रेक्सचं नाक किती तीक्ष्ण हे तीच इतरांना समजावते, आणि पिल्लाचं रक्त लागलेलं जॅकेट घालून हिंडते, रात्री तंबूत टांगून ठेवते! टी-रेक्स वास काढत येणारच. निकचं तर मला फार खटकतं. तो पिंजरे उघडतो, शिकाऱ्यांच्या तळाची दाणादाण उडते. पिल्लू उचलायची कल्पनाही त्याचीच. रोलंडच्या बंदुकीतल्या गोळ्याही तोच काढून घेतो. या सगळ्यात माणसं मरतात, पण सिनेमा त्याला एकदाही जाब विचारत नाही. उलट ज्याला खलनायक समजावं तो रोलंड, अजय गेल्यावर खचून पुढची नोकरी नाकारतो. पीट पॉसलथ्वेटने ते फार संयमाने केलंय. सबंध सिनेमात खरा बदल होतो तो एवढ्याच माणसात.

आणि टी-रेक्सला बेटावरून सॅन डिएगो शहरात आणणारं ते जहाज! टी-रेक्स खाली तळघरात बंद, मग वरच्या छोट्याशा केबिनमधले खलाशी कोणी मारले? उत्तर नाही. नायक माल्कमची केली नावाची मुलगी कसरत करून रॅप्टरला लाथ मारते, त्याची तयारी आधी केलेली आहे (शाळेच्या संघातून तिला वगळलेलं असतं), तरी ते गळी उतरत नाही.

वैशाली, अलकापुरी

श्रीधरकाका, सॅन डिएगोबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मला तो शेवट आवडतो. सिनेमा ज्यावर बेतलाय त्या मायकल क्रायटनच्या कादंबरीत तो नाही हे खरं. पण याच नावाच्या 1925च्या मूकपटात ब्रॉन्टोसॉरस लंडनच्या रस्त्यावर मोकाट सुटतो, त्या परंपरेला केलेला हा नमस्कार आहे. परसातल्या पोहण्याच्या तलावात टी-रेक्स पाणी पितो, पोरगं खिडकीतून बघतं आणि आईबाबांना उठवतं. मुलांना हेच सगळ्यात जास्त लक्षात राहील.

मेघना, रावपुरा

सगळ्यांचे आभार. काका, एक विचारते. टी-रेक्स खरंच पिल्लं सांभाळायचा का? मुलं हे विचारणारच.

श्रीधर, वाडी

वैशाली, तलावाचा प्रसंग मलाही आवडतो. तक्रार एवढीच, की बेटावर पिल्लाची गोष्ट सावकाश रंगवली आणि शहरात तीच घाईत उरकली.

मेघनाताई, टी-रेक्सचं घरटं आजवर सापडलेलं नाही, म्हणून ठाम सांगता येत नाही. पण मंगोलियाच्या गोबी वाळवंटात अंड्यांवर बसलेल्या अवस्थेतच गाडले गेलेले ओव्हिरॅप्टरच्या कुळातले डायनोसॉर मिळालेत, म्हणजे टी-रेक्स ज्या मोठ्या गटातला, त्यातल्या काही कुळांमध्ये अंडी राखण्याची रीत होती. टायटॅनोसॉरचं, म्हणजे लांब मानेच्या अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरचं, वेगळं दिसतं. धार जिल्ह्यातल्या 92 घरट्यांचा आणि 256 अंड्यांचा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. घरटी इतकी जवळजवळ आहेत, की एवढ्या अवाढव्य आईला त्यांच्यामधून वावरायला जागाच नव्हती. अंडी घालून ती निघून जात असावी, असं संशोधकांना वाटतं. रायोलीला मुलांनी पाहिलेली अंडीही टायटॅनोसॉरचीच.

मुलांना हेही सांगा, की टी-रेक्स उत्तर अमेरिकेतला. आपल्याकडचा शिकारी म्हणजे राजासॉरस नर्मदेन्सिस, डोक्यावर बुटकं शिंग असलेला. त्याचे अवशेष रायोलीचेच, नाव पडलं 2003 साली.

नऊ-दहा वर्षांच्यांना मात्र मोठ्यांच्या शेजारी बसवा. दोन टी-रेक्स मिळून माल्कमच्या चमूतल्या एडीला फाडतात तो क्षण आणि कॉम्पी या चिमुकल्या डायनोसॉरची झुंड माणसावर तुटून पडते तो भाग त्या वयाला जड जाईल. बारावरच्यांना खुशाल दाखवा.