वाल्झरची 'गुप्त लिपी' गुप्त नव्हती

स्विस लेखक रोबेर्ट वाल्झरने मनोविकाराच्या काळात स्वतःची सांकेतिक लिपी तयार केली, असं म्हटलं जातं. हा समज पसरला तो त्याचा मित्र आणि पालक कार्ल झीलिगमुळे. वाल्झर गेल्यावर १९५७ मध्ये झीलिगने त्याच्या एका कागदाची प्रतिमा छापली आणि ही न उलगडणारी गुप्त लिपी आहे, असं सांगितलं. वाल्झरच्या लेखनाचा संपादक योखेन ग्रेवेनने ते खोडलं. ती त्या काळची शाळेतली साधी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्ताक्षराची लिपी आहे, फक्त अक्षरं जेमतेम १-२ मिलिमीटरची.

मग वाचायला इतकी वर्षं का लागली? कुरेंटमध्ये 'ई', 'एन' आणि 'यू' ही अक्षरं मुळातच एकसारखी, दोन छोट्या उभ्या रेघांची. इतक्या लहान आकारात, तेही पेन्सिलीने लिहिल्यावर, ती एकमेकांत मिसळतात. म्हणून अख्ख्या शब्दाचा आकार ओळखायचा आणि वाक्यात बसतो का ते बघायचं. पण वाल्झर स्वतःच जोडशब्द घडवतो, त्यामुळे संदर्भावरून केलेला अंदाजही फसतो. वेर्नर मोरलांग आणि बेर्नहार्ड एख्टे यांनी चिकाटीने हे काम केलं. ५२६ कागदांतून सहा खंड निघाले, १९८५ ते २००० दरम्यान. 'डेर रॉयबर' ही अख्खी कादंबरी २४ कागदांवर मावली होती!

आजाराशी जोडणी तर तारखांवरच कोसळते. शाईच्या लेखणीने हात आखडायचा, म्हणून आधी पेन्सिलीने कच्चा खर्डा आणि मग शाईने पक्की प्रत, ही पद्धत वाल्झरनेच १९२७ मध्ये संपादक माक्स रिख्नरला पत्रातून कळवली. वाल्डाऊच्या मनोरुग्णालयात तो गेला १९२९ मध्ये.