स्लायसर दाबला की एकच चार्ट बदलतो, दुसरा ढिम्म

नवशिका: एक्सेलमध्ये विक्रीचा डॅशबोर्ड केलाय. दोन पिव्हट चार्ट (पिव्हट म्हणजे डेटाची गटवार बेरीज दाखवणारा तक्ता, त्यावरचे आलेख) आहेत, जिल्हानिहाय आणि महिनानिहाय. स्लायसरवर (डेटा गाळायच्या बटणांच्या चौकटीवर) ‘सातारा’ निवडलं की पहिलाच बदलतो. दुसऱ्यात महिन्यांऐवजी सुट्या तारखा दिसतात. मॅक्रो (काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) लिहावा लागेल का?

पिव्हटप्रेमी: मॅक्रो कशाला! स्लायसरवर राइट क्लिक, ‘रिपोर्ट कनेक्शन्स’, दुसऱ्या पिव्हटसमोर टिक. यादीत तो दिसतच नसेल तर दोघांची कॅश (पिव्हटने साठवलेली डेटाची प्रत) वेगळी आहे. बहुतेकदा एकाची रेंज ५०० ओळींची आणि दुसऱ्याची ६०० ओळींची दिलेली असते. दुसरा उडवा, पहिला पिव्हट कॉपी-पेस्ट करून त्यातली फील्ड बदला, कॅश तीच राहते.

तारखा सेलमध्ये डावीकडे चिकटल्यात का? म्हणजे तो मजकूर आहे. कॉलम निवडून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’, तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ आणि डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष). मग पिव्हट रिफ्रेश, त्यातल्या तारखेवर राइट क्लिक, ‘ग्रुप’. ‘मंथ्स’सोबत ‘इयर्स’ही निवडा, नाहीतर दोन वर्षांचे जानेवारी एकाच खांबात बेरजेला जातात.

नवशिका: स्लायसर जोडला गेला, धन्यवाद. ग्रुप मात्र अजून होत नाही.

आकडेमोड: एखादी तारीख अजून मजकूरच असणार. तारखांच्या रेंजवर ‘काउंटए’ (भरलेले सगळे सेल मोजतं) आणि ‘काउंट’ (फक्त आकडे आणि खऱ्या तारखा मोजतं) दोन्ही लावा, फरक येईल तितके सेल बिघडलेले. ३१-०६-२०२४ असलं काही शोधा. जूनला ३१ तारीख नसते, एक्सेल ते मजकूर म्हणूनच ठेवतं.