मोठे टायर लावल्यावर स्पीडोमीटर दुरुस्त करावा की आहे तसाच ठेवावा?

कातळवाट

माझ्या जिप्सीला मूळ 205/70 आर15 (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) मापाचे टायर होते. ते झिजल्यावर मी 215/75 आर15 बसवले. हिशेबाने व्यास 668 मिमीवरून 703.5 मिमी झाला, म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी पूर्वीपेक्षा 5.3 टक्के जास्त अंतर तोडते आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. सरळ, सपाट महामार्गावर काटा 80 वर असताना जुन्या टायरांवर जीपीएस 76 दाखवत असे, आता तोही 80 दाखवतो. (घाटातल्या वळणांवर जीपीएसचा वेग मागेपुढे होतो, म्हणून ताम्हिणीत ही परीक्षा घेतली नाही.) काटा आपोआप खरे बोलू लागला याचा आनंद झाला, पण तो फार टिकला नाही, कारण किलोमीटरच्या दगडांप्रमाणे 50 किमी अंतर कापल्यावर ओडोमीटरने, म्हणजे मीटरमधल्या किलोमीटरच्या आकड्यांनी, जेमतेम 47.5 मोजले. जुन्या टायरांवर हे आकडे बरोबर येत असत.

माझे मत असे की मीटर दुरुस्त करावाच. लिटरला 12 किमी देणारी गाडी आता 11.4 देते असे वाटत राहते, तेल बदलण्याची वेळ पुढे ढकलली जाते, आणि उद्या गाडी विकताना 50,000 दाखवणारी गाडी प्रत्यक्षात 52,650 चाललेली असेल. ट्रान्सफर केसवर (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीवर) मीटरच्या केबलच्या टोकाला असलेले प्लास्टिकचे पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, बदलावे असा विचार आहे. दाते अजून मोजलेले नाहीत, पण 20 असतील तर 19 दात्यांचे पिनियन जवळजवळ तंतोतंत बसते. आपली मते कळवावीत.

घाटवाहक

माझा याला स्पष्ट विरोध आहे. काटा थोडा पुढे ठेवणे ही उत्पादकांची चूक नसून सावधगिरी असते. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 39 तर असे सांगतो की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, मात्र कारच्या बाबतीत खऱ्या 100 ला तो 114 पर्यंत दाखवू शकतो. आपल्याला नशिबाने खरा काटा मिळाला आहे आणि आपण तो स्वतःच्या हाताने बिघडवायला निघाला आहात, कारण पिनियन बदलल्यावर ओडोमीटर सुधारेल, परंतु खऱ्या 80 ला काटा पुन्हा 84 दाखवू लागेल. ओडोमीटरच्या आकड्याला 1.053 ने गुणायला कितीसा वेळ लागतो? शिवाय टायरची नक्षी 8 मिमीवरून कायद्याच्या 1.6 मिमीपर्यंत झिजली की व्यास सुमारे 13 मिमीने घटतो, म्हणजे जवळपास दोन टक्के फरक तसाच पडतो. तेव्हाही आपण पिनियन बदलणार का?

कातळवाट

झीज हळूहळू होते आणि उत्पादकाने ती गृहीत धरलेली असते, माझा 5.3 टक्क्यांचा फरक एका दुपारी पडला. गुणाकार मी करीन, पण गाडीचा पुढचा मालक माझी वही कुठून आणणार?

काट्याविषयी आपला मुद्दा बरोबर आहे, तरी जुन्या केबलच्या मीटरमध्ये काटा आणि आकडे वेगवेगळ्या वाटेने चालतात हे आपण विसरलात. केबल मीटरच्या आत एक चुंबक फिरवते, त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी वळते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरते. काटा किती पुढे जाईल हे या ओढाताणीवर ठरते. आकडे मात्र केबलपासून थेट वर्म गिअरने फिरतात, तिथे स्प्रिंगचा काही संबंध नाही. म्हणून आकडे पिनियनपाशीच सुधारता येतात, आणि काटा नंतर हवा असेल तर मीटर दुरुस्त करणारा कारागीर वेगळा जुळवून देतो. केवळ काटाच जुळवला तर आकडे चुकलेलेच राहतील.

दातेरी चक्र

दोघेही केवळ टायरवर बोलत आहात, गिअरिंगचा हिशेब कुणीच मांडला नाही. जिप्सीत केबलला फेरे ट्रान्सफर केसच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टवरून मिळतात, म्हणून लो रेंजमध्येही (चढ-चिखलासाठीच्या हळू गिअरमध्येही) काटा चुकत नाही, परंतु डिफरन्शियलचे (चाकांच्या आसावरच्या गिअरपेटीचे) क्राउन-पिनियन, म्हणजे त्यातली दातेरी चाकांची जोडी, बदलले तर तो नक्की चुकतो. हीच चूक कामाला लावता येते. समजा एखाद्याने 235/75 आर15 टायर लावले, तर व्यास 733.5 मिमी, म्हणजे 9.8 टक्के वाढ, त्याबरोबर 3.73 ऐवजी 4.11 गुणोत्तराचे क्राउन-पिनियन मिळाले तर शाफ्टचे फेरे 10.2 टक्क्यांनी वाढतात. मीटर अर्ध्या टक्क्याच्या आत जागेवर येतो आणि मोठ्या चाकाने गमावलेली ओढही परत मिळते. पुढचे व मागचे डिफरन्शियल मात्र एकाच वेळी बदलावे लागते, अन्यथा फोर व्हीलमध्ये गाडी स्वतःशीच भांडू लागते.

हे सर्व गाड्यांना लागू नाही. जिथे वेग चाकाजवळच्या एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून मोजला जातो, तिथे डिफरन्शियल बदलल्याने काट्यात काहीच फरक पडत नाही. जुन्या बुलेटला केबल पुढच्या चाकातून असते. तिचा स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) कितीही बदलला तरी मीटर ढिम्म.

घाटवाहक

पाच टक्क्यांसाठी दोन्ही डिफरन्शियल उघडायची? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

निवृत्त मापाड्या

पिनियन मागवण्यापूर्वी एक काम करावे. टायरच्या बाजूवर छापलेल्या मापावरून काढलेला व्यास आणि गाडीच्या वजनाखाली दबलेल्या टायरचे प्रत्यक्ष अंतर एक नसते. हवा योग्य भरून, टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करून, गाडी सरळ पाच फेरे पुढे ढकलावी व अंतर टेपने मोजावे. जुना टायर शिल्लक असेल तर तोही बसवून तसाच मोजावा.

स्प्रिंगला हात लावण्याचा सल्ला मला मुळीच पटला नाही. उघडलेले मीटर पाहिले की गिऱ्हाईकाला किलोमीटर मागे फिरवल्याचाच संशय येतो, मग आपला हेतू कितीही शुद्ध असो. पिनियन बदलल्याचे बिल मात्र त्या दिवशीच्या ओडोमीटरच्या आकड्यासह जपून ठेवावे. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे माहीत असावे. मीटरच्या आधी टायरचे माप चालते का, हे पाहावे.

कातळवाट

आज मोजले. स्टेपनी अजून जुन्याच मापाची आणि न वापरलेली असल्याने तुलना सोपी झाली: जुन्या मापाला पाच फेऱ्यांत 10.19 मीटर, नव्याला 10.71 मीटर, म्हणजे 5.1 टक्के फरक. दातेही मोजले, 20 च निघाले. 19 दात्यांचे पिनियन शोधतो आहे. स्प्रिंगला हात लावणार नाही, आणि ती स्टेपनीही आधी बदलतो.

घाटवाहक

खऱ्या 80 ला काटा 84 दाखवू लागला की इथे येऊन सांगावे, मी वाट पाहतो.