रस्त्यांच्या आदिवासी नावांचे मूळ कसे शोधावे?

प्रश्न : आम्ही सिडनीजवळ पॅरामाटा परिसरात राहतो. हे नाव डारुग या सिडनी भागातील आदिवासी भाषेतील असून त्याचा बुरामाटागल कुळाशी संबंध आहे, एवढे ठाऊक आहे. परंतु आसपासच्या रस्त्यांची आदिवासी वाटणारी नावेही इथल्याच भाषेतली आहेत की नाहीत, हे कसे ठरवावे?

प्रतिसाद १ : नाव आदिवासी आहे म्हणून ते स्थानिकच असेल, असे मुळीच गृहीत धरू नये. कॅनबेरातील अरांडा हे उपनगर पाहा : नाव मध्य ऑस्ट्रेलियातील अरर्न्टे लोकांचे, तिथला बांजालाँग क्रेसेंट हा रस्ता न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातील बुंजालुंग लोकांच्या नावाचा, आणि भूमी मात्र नन्नवाल लोकांची. म्हणून अर्थाच्या मागे लागण्यापूर्वी नाव कोणी व केव्हा दिले ते शोधा. त्यासाठी जुने भूखंड-नकाशे आणि ट्रोव्ह संकेतस्थळावरील जुनी वृत्तपत्रे चाळावीत.

प्रतिसाद २ : भाषेसाठी विल्यम डॉझ या लष्करी अधिकाऱ्याच्या १७९०-९१च्या वह्या अवश्य पाहाव्यात. पट्येगरांग या तरुणीकडून तो सिडनीची भाषा शिकला आणि त्याने सुट्या शब्दांबरोबरच बोलण्यातली वाक्येही टिपून ठेवली, हे आपले मोठेच भाग्य. शोधताना इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नका. या भाषेत प-ब किंवा क-ग यांच्या अदलाबदलीने अर्थ बदलत नसल्यामुळे एकच शब्द दोन्ही अक्षरांखाली सापडू शकतो. ‘पॅरामाटा’ आणि ‘बुरामाटा’ ही त्याचीच उदाहरणे होत.

प्रतिसाद ३ : निष्कर्ष काढण्याआधी डारुग समाजातील जाणकारांना आदरपूर्वक विचारावे, भाषा त्यांची आहे.