मदत हवी आहे: व्यभिचाराला शास्त्रात सांगितलेली शिक्षा आज कुणी देऊ शकतं का?

नमस्कार मंडळी. माझ्या मावसबहिणीवर नवऱ्याने बाहेरख्यालीपणाचा आळ घेतलाय. खरं-खोटं त्या दोघांनाच माहीत. पण प्रकरण जातीच्या पंचांपुढे गेलंय, आणि दंड भरा नाहीतर वाळीत टाकू, असा निरोप आलाय. वर एक आजोबा मनुस्मृतीचा दाखला देतात.

म्हणून आठवा अध्याय काढून वाचला. अशा बाईला राजाने भर चौकात कुत्र्यांकडून फाडून खायला लावावं, आणि पुरुषाला तापलेल्या लोखंडी पलंगावर जाळावं, असं खरंच लिहिलंय. (पुरुषाचा श्लोक आजोबा सोयीस्कर विसरतात!) पण तिथेही शिक्षा देणारा राजा आहे, पंच नाहीत.

मला कळलेलं असं: सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कलम ४९७ रद्द केलं, त्यामुळे व्यभिचार हा आता गुन्हाच नाही, घटस्फोटाचं कारण मात्र होऊ शकतो. उलट वाळीत टाकणं हाच महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता अडचण. निरोप तोंडी आहे, कागद काही नाही. नुसत्या धमकीवर पोलीस तक्रार घेतात का? साक्षीदार कुणाला करायचं? गावातलं कुणी बोलणार नाही. मावशी तर दंड भरून मोकळं व्हा म्हणतेय. कुणी असं प्रकरण निभावलं असेल तर कृपया सांगा, रविवारी पुन्हा बैठक आहे.