स्पेनमधल्या घराचा वार्षिक कर: आयबीआय भरला की संपलं का?

दर्यापार
मालागा प्रांतातल्या एका छोट्या गावात फ्लॅट घेतलाय, खरेदीखत 1 जुलै 2025 चं. मालकी नवरा-बायकोची निम्मी-निम्मी, दोघंही भारतात कर भरणारे निवासी. घर भाड्याने द्यायचं नाही, सुट्टीपुरतंच वापरायचं. विकणाऱ्याने दिलेल्या आयबीआयच्या पावतीवर कर 480 युरो, वालोर कातास्त्राल 80,000 युरो आणि उजळणीचं वर्ष 2009 असं छापलंय. एजंटचं म्हणणं, वर्षाला एवढाच खर्च. हे खरं का? आणि या वर्षीचा आयबीआय कोणी भरायचा?

गावपावती
आधी आयबीआयचं. हा नगरपालिकेचा कर. वालोर कातास्त्राल म्हणजे भूमिनोंदणी खात्याने, कातास्त्रोने, ठरवलेली किंमत. खरेदीच्या भावाशी तिचा थेट संबंध नसतो आणि बहुधा ती बरीच कमी असते. शहरी मालमत्तेचा दर गावागणिक बदलतो, साधारण 0.4 ते 1.1 टक्क्यांच्या पट्ट्यात. तुमच्या आकड्यांवरून तुमच्या गावाचा दर 0.6 टक्के निघतो.

1 जानेवारीला मालक कोण, हे पाहून पूर्ण वर्षाचा कर त्याच्याच नावावर लागतो. म्हणजे 2025 साठी नगरपालिकेच्या लेखी विकणाराच देणेकरी. पण 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलाय की करारात वेगळं ठरलं नसेल, तर विकणारा खरेदीदाराकडून त्याच्या दिवसांचा हिस्सा मागू शकतो. 184 दिवसांचे सुमारे 242 युरो होतात. तेव्हा पैसे देण्याआधी खरेदीखतातलं कलम वाचा.

खरा धोका मागच्या थकबाकीचा आहे. थकलेला आयबीआय घराला चिकटतो, मालक बदलला तरी सुटत नाही. मागच्या चार वर्षांच्या भरलेल्या पावत्या मागून घ्या. मालागातल्या बऱ्याच लहान गावांची वसुली प्रांताचं वसुली खातं, पात्रोनातो दे रेकाउदासियोन, करतं, तिथेच बँकेतून आपोआप कापून घ्यायची सोय लावा. नोटरीने बदल कळवला तरी नोंद उतरायला वेळ जातो, पहिली पावती जुन्या मालकाकडे जाते आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही. पावती मिळाली नाही, ही सबब चालत नाही. मुदत गेली की टप्प्याटप्प्याने 5, 10, 20 टक्के अधिभार चढतो, शेवटच्या टप्प्यात व्याजही.

मोदेलो२१०
एजंटने अर्धंच सांगितलंय. आयबीआयची निदान पावती निघते. दुसऱ्या कराची पावती कोणीच पाठवत नाही, आणि परदेशी मालक तिथेच अडकतात.

स्पेनमध्ये न राहणाऱ्याने घर स्वतःच्या वापरासाठी रिकामं ठेवलं, तरी त्यातून काही उत्पन्न झालं असं कायदा गृहीत धरतो. त्यावरचा कर मोदेलो 210 या अर्जाने केंद्रीय कर खात्याकडे, म्हणजे हासिएंदाकडे, आपण होऊन भरायचा असतो. गृहीत उत्पन्न वालोर कातास्त्रालच्या 2 टक्के. गावातल्या किमतींची सामूहिक फेरउजळणी त्या वर्षी किंवा आधीच्या 10 वर्षांत झाली असेल तर 1.1 टक्के. तुमच्याकडे 2009 आहे, म्हणून 2 टक्केच लागतील. अर्थसंकल्पातून दरवर्षी किमतीला लावलेला गुणक म्हणजे फेरउजळणी नव्हे, ही गल्लत खूप जण करतात.

तुमचा हिशोब: 80,000 चे 2 टक्के 1,600. 184 दिवसांचे 806.58. प्रत्येकाचा निम्मा हिस्सा 403.29. युरोपीय संघाबाहेरच्या निवाशांना दर 24 टक्के (संघातल्यांना 19), म्हणून प्रत्येकी 96.79 युरो. पुढच्या पूर्ण वर्षाला प्रत्येकी 192. यातून आयबीआय किंवा सोसायटीचा खर्च वजा होत नाही.

2025 चा अर्ज 31 डिसेंबर 2026 पर्यंत. खात्यातून थेट कापून घ्यायचं असेल तर मुदत काही दिवस आधी संपते, 23 डिसेंबरला. उत्पन्नाचा प्रकार 02 निवडा, कातास्त्रोचा 20 अक्षरी क्रमांक पावतीवरून उतरवा. अर्ज दोन भरायचे, प्रत्येकाच्या एनआयईवर, म्हणजे परदेशी माणसाला स्पेनमध्ये मिळणाऱ्या ओळख क्रमांकावर, वेगळा. दोघांचा मिळून एकच अर्ज भरला तर दुसऱ्याच्या नावावर थकबाकी तशीच राहते.

दर्यापार
भरलाच नाही तर त्यांना कळतं कुठे?

मोदेलो२१०
विकताना नक्की कळतं. विक्रेता अनिवासी असला की खरेदीदाराला किमतीचे 3 टक्के कापून हासिएंदाकडे भरावे लागतात. जास्तीची रक्कम परत मागितली की मागच्या चार वर्षांचे 210 तपासले जातात. नोटीस येण्याआधी स्वतःहून भरलं तर अधिभार 1 टक्का, अधिक उशिराच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला आणखी 1. बारा महिने उलटले की 15 टक्के आणि व्याज. राहिलेली वर्षं असतील तर पत्राची वाट पाहू नका.

जमाखर्च
भारताच्या बाजूचंही बघा, तिथली चूक जास्त महाग पडते. सामान्य निवासी असाल तर दोघांच्याही विवरणपत्रात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं, त्यासाठी आयटीआर 2 किंवा 3 लागतो. त्यात माहिती कॅलेंडर वर्षाची असते, आर्थिक वर्षाची नव्हे. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाख रुपये दंड होऊ शकतो. 20 लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला 2024 पासून सूट मिळाली, पण घर-जमीन तिच्यातून वगळलेली आहे. स्वतःच्या वापराची दोन घरं शून्य उत्पन्नाची धरता येतात. हे घर त्यात बसवलं तर भारतात त्यावर कर नाही, आणि म्हणून 210 मध्ये भरलेल्या पैशाची वजावटही मिळत नाही. स्पेनमधलं बँक खातंही एफएमध्येच दाखवायचं, ते बहुतेक जण विसरतात.

गावपावती
दोन गोष्टी राहिल्या. कचऱ्याचा कर वेगळा येतो. 2022 च्या कायद्याने कचरा गोळा करण्याचा पूर्ण खर्च वसूल करणं नगरपालिकांवर बंधनकारक केलंय, त्यामुळे जुनी पावती पाहून अंदाज बांधू नका. संपत्ती कराची चिंता नको. अनिवाशाला माणशी 7 लाख युरोंपर्यंत सूट असते, शिवाय मालागा ज्यात येतं त्या आंदालुसिया प्रदेशाने या कराला 100 टक्के सवलत दिलीय. तुमचा फ्लॅट निम्मा-निम्मा असल्याने तुम्ही त्याच्या जवळपासही नाही.